गच्चीवरचा सिमेंटचा पत्रा

मृगाचीं चिन्हें दिसूं लागलीं, कीं शहरांतील मध्यमवर्गीय घरांतून एक ठराविक धांवपळ सुरू होते. छत्र्या दुरुस्तीला जातात, पन्हळींतील पालापाचोळा काढला जातो, आणि गच्चीवरच्या खोलीचें किंवा मागच्या पडवीचें छप्पर कोठें गळतें याचा शोध सुरू होतो. हें छप्पर पुष्कळ ठिकाणीं करड्या रंगाच्या, लाटा असलेल्या पत्र्याचें असतें. लोक त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतात. लोखंडी पत्र्यासारखा तो गंजत नाहीं, उन्हांत तितकासा तापत नाहीं, पावसांत कानठळ्या बसतील असा वाजत नाहीं, आणि किमतीला स्वस्त. एवढे गुण एकत्र आल्यावर त्याच्या पोटांत काय आहे याची चौकशी करण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडत नाहीं.

अशाच एका घरांतील प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. गच्चीवरच्या खोलीचा एक पत्रा तडकला आहे. मिस्त्री आला आहे. त्याच्या हातांत ग्राइंडर, म्हणजे विजेवर चालणारें कापण्याचें चक्र आहे, आणि त्याचा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा पत्रा धरून बसला आहे. चक्र पत्र्याला टेकतें, पांढऱ्या धुळीचा लोट उठतो, आणि घरच्या काकू दारांतून विचारतात, “मिस्त्री, ह्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतें म्हणतात. ती धूळ वाईट ना हो?” मिस्त्री हंसून उत्तर देतो, “अहो काकू, वीस वर्षें हेंच काम करतों आहें. कांहीं होत नाहीं!”

मिस्त्री खोटें बोलत नाहीं. त्याच्या अनुभवापुरतें त्याचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. ज्या धोक्याचा परिणाम ताबडतोब दिसतो त्याच्याविषयीं अनुभव हा उत्तम गुरु होय. विस्तवाला हात लावूं नये हें मुलाला एकदां पोळलें कीं कळतें. परंतु ज्या धोक्याचा परिणाम दिसावयास तीस-चाळीस वर्षें लागतात, तेथें अनुभव हा गुरु फार उशिरां बोलतो. सिमेंटच्या पत्र्याच्या बाबतींत नेमकें हेंच घडतें. म्हणून येथें भीति नको आणि बेफिकिरीहि नको. हवी आहे ती फक्त थोडी माहिती आणि बराचसा संयम.

ॲस्बेस्टॉस हें कारखान्यांत तयार केलेलें रसायन नव्हे. तें खाणींतून निघणारें खनिज आहे. खडकाच्या पोटांत रेशमाच्या लडीसारखे त्याचे तंतू सांपडतात. ते कांततां येतात, विणतां येतात, आणि आगींत टाकले तरी जळत नाहींत. त्याचें नांव ज्या ग्रीक शब्दावरून आलें त्याचा अर्थच ‘न विझणारें’ असा आहे. व्यापारांत त्याचे तीन प्रकार विशेष चालले : पांढरें क्रायसोटाइल, तपकिरी ॲमोसाइट आणि निळें क्रोसिडोलाइट. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियांतील लुडविग हाट्शेक या कारखानदारानें हे तंतू ओल्या सिमेंटांत मिसळून पातळ पण मजबूत तक्ते काढण्याची कृति शोधून काढली. मातीची भिंत लिंपतांना मातींत भुसा मिसळला म्हणजे ती भेगाळत नाहीं. तेंच काम सिमेंटांत हे तंतू करतात. भारतांत असे पत्रे करण्याचा कारखाना सध्यांच्या मध्य प्रदेशांतील कैमोर येथें १९३४ सालीं निघाला, आणि त्यानंतर गिरणीच्या गोदामापासून शाळेच्या वर्गापर्यंत आणि चाळीच्या पडवीपासून बंगल्याच्या मोटारखान्यापर्यंत हा पत्रा सर्वत्र पसरला. त्यांत तंतूंचा भाग थोडा असतो. सामान्यतः शंभरांत आठ ते पंधरा. बाकीचें बहुतेक सिमेंटच असतें.

जोंवर हे तंतू सिमेंटांत घट्ट बसलेले आहेत तोंवर त्यांचा उपद्रव फारसा होत नाहीं. उपद्रव सुरू होतो तो ते सुटे होऊन हवेंत आल्यावर. माणसाच्या केसाची जाडी सुमारें सत्तर मायक्रॉन धरली, तर छातींत खोलवर जाणारा तंतु तीन मायक्रॉनहूनहि बारीक असतो. आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शिवाय वाखाचा दोर उकलावा तसा हा तंतु लांबीच्या दिशेनें उकलत जातो आणि एकाचे अनेक होतात. पत्रा कापतांना जी धूळ डोळ्यांना दिसते ती थोड्या वेळानें खालीं बसते. जी डोळ्यांना दिसत नाहीं ती मात्र कित्येक तास तरंगत राहते. “धूळ आतां बसली, आंत यायला हरकत नाहीं,” असें म्हणून ज्या वेळीं मंडळी खोलींत शिरतात त्या वेळीं हवा स्वच्छ दिसते, पण स्वच्छ असतेच असें नाहीं.

साध्या धुळीचा निकाल शरीर आपल्या परीनें लावीत असतें. नाकांतील केस तिला अडवितात, कफ तिला बाहेर लोटतो, आणि त्यांतूनहि निसटून जी फुप्फुसांत पोंचते तिला रक्षक पेशी गिळून टाकतात. परंतु ॲस्बेस्टॉसचा लांबट तंतु ह्या पेशींना गिळतां येत नाहीं आणि पचवितां येत नाहीं. तो सुईसारखा तेथेंच राहतो, आणि त्याच्या भोंवतीं वर्षानुवर्षें दाह चालू राहतो. त्यांतून पुढें तीन मोठे रोग उद्भवतात. पहिला ॲस्बेस्टोसिस, त्यांत फुप्फुसें राठ होत जातात आणि माणसाला जिना चढतांना, पुढें पुढें तर बोलतांनाहि दम लागतो. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तंबाखू ओढणाऱ्या माणसाच्या बाबतींत हा धोका कित्येक पटींनीं वाढतो. आणि तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसांच्या किंवा पोटाच्या अस्तराचा कर्करोग. हा बहुधा तीस ते चाळीस वर्षांनीं प्रकट होतो, आणि प्रकट झाल्यावर उपचारांना क्वचितच दाद देतो.

हें ज्ञान जगाला एकाएकीं झालेलें नाहीं. त्यासाठीं अनेकांना प्राण द्यावे लागले. इंग्लंडांत रॉचडेल येथें ॲस्बेस्टॉसचें सूत कांतण्याच्या कारखान्यांत नेली केर्शा नांवाची स्त्री काम करीत असे. १९२४ सालीं, वयाच्या तेहतिसाव्या वर्षीं, ती वारली. डॉ. विल्यम कूक यांनीं तिचीं फुप्फुसें तपासून त्यांतील खनिजकणांचें वर्णन त्याच सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ मध्यें प्रसिद्ध केलें. १९३० सालीं मेरेवेदर आणि प्राइस यांनीं कारखान्यांतील मजुरांची पाहणी करून सरकारला अहवाल दिला, आणि १९३१ सालीं तेथें धुळीसंबंधीं नियम झाले. येथपर्यंत हा कामगारांचा रोग समजला जात होता. १९६० सालीं डॉ. वॅग्नर व त्यांचे सहकारी यांनीं दक्षिण आफ्रिकेंतील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखांतून मेसोथेलिओमाचे तेहतीस रोगी नोंदविले, तेव्हां त्यांतील कित्येक जण खाणींत कधीं कामाला गेलेच नव्हते असें आढळलें. त्यांचें केवळ बालपण खाणींच्या आसपास गेलें होतें. आणि १९६५ सालीं लंडनमध्यें म्यूरिएल न्यूहाउस आणि हिल्डा टॉम्प्सन ह्या दोन संशोधक स्त्रियांनीं रोग्यांचीं पूर्ववृत्तें तपासलीं, तेव्हां आणखी एक गोष्ट उजेडांत आली. कांहीं रोग्यांनीं कारखान्याचें तोंडहि पाहिलेलें नव्हतें. त्यांच्या घरांतील कोणी तरी कारखान्यांत कामाला होतें, आणि संध्याकाळीं घरीं येणारे धुळीनें माखलेले कपडे झटकून धुण्याचें काम घरच्या बायकांकडे होतें.

ही शेवटची हकीकत गच्चीवरच्या मिस्त्रीला विशेष लागू पडते. तो म्हणतो वीस वर्षांत कांहीं झालें नाहीं. पण हा रोग वीस वर्षांत प्रकट होतोच असें नाहीं. दुसरें असें कीं, ती धूळ एकट्या मिस्त्रीच्या छातींत जात नाहीं. ती त्याच्या मुलाच्या छातींत जाते, त्याच्या सदऱ्यावर बसून त्याच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत जाते, आणि तेथें तो सदरा झटकणाऱ्या त्याच्या बायकोपर्यंत पोंचते. ज्या घरीं काम चालतें तेथील मंडळींना ही धूळ एक दिवस भोगावी लागते. मिस्त्रीला ती रोज एका नव्या घरीं भोगावी लागते. म्हणून पत्र्याला हात लावण्यापूर्वीं जो विचार करावयाचा तो केवळ घरमालकानें स्वतःच्या घरापुरता करून भागत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें ॲस्बेस्टॉसमुळें जगांत दरसाल दोन लक्षांहून अधिक माणसें मरतात, आणि त्यांतील बहुसंख्य कामाच्या जागीं धूळ घेतलेलीं असतात. ब्रिटननें निळ्या व तपकिरी प्रकारांवर १९८५ सालीं आणि पांढऱ्यावर १९९९ सालीं बंदी घातली. ऑस्ट्रेलियांत २००३ च्या अखेरीस आणि युरोपीय संघांत २००५ सालीं संपूर्ण बंदी अंमलांत आली. भारतांत सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य करून, त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी कामाला लागल्यापासून निदान चाळीस वर्षें किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षें, यांपैकीं जी मुदत नंतर संपेल तोंपर्यंत, जपून ठेवण्याचा आदेश दिला. चाळीस वर्षांची ही मुदतच रोगाच्या स्वभावाविषयीं पुरेसें सांगून जाते. तथापि पांढऱ्या क्रायसोटाइलचे सिमेंट पत्रे भारतांत अद्याप बनतात आणि उघडपणें विकले जातात. पांढरा प्रकार निरुपद्रवी आहे असें कित्येकदां सांगितलें जातें. कर्करोगावरील संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें मात्र ॲस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार माणसांत कर्करोग उत्पन्न करणारे म्हणून गणले आहेत, आणि त्यांतून पांढरा वगळलेला नाहीं.

आतां घराकडे वळावें. गच्चीवरचा पत्रा ही सर्वांत ठळक जागा खरी, पण एकमेव नव्हे. जुन्या इमारतींच्या भिंतींवरून उतरणारे पावसाच्या पाण्याचे व संडासाच्या वाफेचे करडे पाइप, गच्चीवरच्या जुन्या सिमेंटच्या टांक्या, खोल्यांचे भाग पाडण्यासाठीं किंवा छताखालीं लावलेले सपाट तक्ते, जुन्या बाष्पपात्रांवरचीं वेष्टनें, भट्टीच्या दाराला लावलेली दोरी, आणि शाळेच्या प्रयोगशाळेंत दिव्यावर ठेवीत ती मधोमध पांढरा गोल असलेली तारेची जाळी, ह्या सर्व ठिकाणीं ॲस्बेस्टॉस असूं शकतें. नुसतें पाहून मात्र तें ओळखतां येत नाहीं. आजकाल ॲस्बेस्टॉसविरहित तंतूंचे सिमेंट पत्रेहि निघतात आणि ते दिसावयास अगदीं तसेच असतात. पत्र्यावरचा छाप, खरेदीची पावती किंवा बांधकामाचें साल यांवरून कांहीं अंदाज बांधतां येतो. पण पक्का निर्णय प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शकाखालींच होतो. म्हणून व्यवहाराचा नियम असा : जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस नाहीं असें सिद्ध होईपर्यंत तें आहे असेंच समजून वागावें. प्रयोगशाळेला नमुना द्यावयाचा असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्याच माणसाकडून तो घेववावा. केवळ कुतूहलापोटीं हातोडीनें कपचा काढणें म्हणजे जें टाळावयाचें तेंच करणें होय.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय म्हणजे कांहीं न करणें. हा उपाय ऐकून कित्येकांस हंसूं येईल. पण ह्या एका बाबतींत उत्साही गृहस्थापेक्षां आळशी गृहस्थ पुष्कळदां अधिक सुरक्षित असतो. पत्रा शाबूत असेल, त्याच्या कडा झिजून तंतू लोंबत नसतील, तर तो आहे तेथें राहूं द्यावा. कपडे वाळत घालण्याची दोरी बांधण्यासाठीं त्याला भोंक पाडूं नये. शेवाळें काढण्यासाठीं तारेच्या ब्रशानें तो घांसूं नये, आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेंहि धुऊं नये. दोहोंनींहि वरचें सिमेंट निघून तंतू मोकळे होतात. रंग द्यावयाचा असेल तर पृष्ठभाग न घांसतां मऊ कुंचल्यानें द्यावा. त्यानें उलट तंतू बांधले जातात. वर्षांतून एकदां, पावसाळ्यापूर्वीं, खालून नीट पाहून तडे गेले आहेत काय याची नोंद ठेवावी. वर चढूं मात्र नये. जुना सिमेंटचा पत्रा ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनानें एकाएकीं फुटतो. त्यांतून खालीं पडून होणारे अपघात तीस वर्षें वाट पाहत नाहींत.

येथें दोन प्रकारांतील भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. सिमेंटांत बांधलेलें ॲस्बेस्टॉस एक, आणि सुटें किंवा भुसभुशीत ॲस्बेस्टॉस दुसरें. ऑस्ट्रेलियाच्या राजधानींत, कॅनबेरा येथें, १९६८ ते १९७९ च्या दरम्यान उष्णता अडविण्यासाठीं सुमारें एक हजार घरांच्या छतांत सुटें ॲस्बेस्टॉस कापसासारखें फुंकून भरण्यांत आलें होतें. पुढें सरकारनें तें उपसून काढलें. तरी भिंतींच्या पोकळींत तें शिल्लक राहिल्याचें आढळलें, आणि अखेर २०१४ पासून सरकारला तीं घरें विकत घेऊन पाडण्याची योजना हातीं घ्यावी लागली. सिमेंटच्या पत्र्याची गोष्ट इतकी बिकट नाहीं, ही दिलाशाची बाब होय. परंतु शाबूत पत्रा ग्राइंडरखालीं घातला, कीं बांधलेलें ॲस्बेस्टॉस हातोहात सुटें होतें. म्हणजे पहिला प्रकार दुसऱ्यांत बदलण्याचें सामर्थ्य घरच्याच एका हत्यारांत असतें. बाष्पपात्रावरचें वेष्टन, विटलेली दोरी, हातानें चुरा होईल असा तक्ता, असें भुसभुशीत कांहीं आढळल्यास मात्र त्याला मुळींच स्पर्श करूं नये. ती खोली बंद करावी आणि जाणत्या तज्ज्ञालाच बोलवावें.

तरीहि पत्रा फुटण्याचे प्रसंग येतातच. नारळ पडतो, आंब्याची फांदी पडते, वादळ येतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें तेव्हां कोंकणांत असंख्य घरांचीं छपरें उडालीं, आणि अंगणांतून कौलांचा व पत्र्यांचा चुरा पसरला. अशा वेळीं घरांतील स्वाभाविक प्रेरणा केरसुणी उचलण्याची असते. आणि तीच सर्वांत चुकीची. कोरडी केरसुणी व साधा व्हॅक्यूम क्लीनर हे दोन्ही तंतू गोळा करीत नाहींत, ते हवेंत उधळतात. प्रथम मुलांना व वडील मंडळींना तेथून दूर न्यावें, आणि पंखा बंद करावा. नंतर तुकड्यांवर पाणी शिंपडावें. साबणाचे चार थेंब टाकलेलें पाणी अधिक चांगलें भिनतें. जोराची धार मात्र सोडूं नये. जो हात लावणार असेल त्यानें हातमोजे घालावे आणि बारीक धूळ अडविणारी एफएफपी-३ किंवा पी-१०० जातीची मुखपट्टी चेहऱ्याला घट्ट बसवावी. नाकाला बांधलेला रुमाल किंवा कोरोनाच्या सांथींत शिवलेली कापडी पट्टी येथें निरुपयोगी आहे. तुकडे ओलेच असतांना, आणखी न मोडतां, जाड प्लास्टिकच्या पिशवींत घालावे, ती पिशवी दुसऱ्या पिशवींत घालून तोंड बांधावें, आणि वर ठळक अक्षरांनीं ‘ॲस्बेस्टॉस : उघडूं नये’ असें लिहावें. जमीन ओल्या फडक्यानें पुसावी आणि तें फडकें धुऊन पुन्हां न वापरतां त्याच पिशवींत टाकावें. अंगावरचे कपडे झटकूं नयेत. जुने असल्यास टाकून द्यावे, नाहीं तर भिजवून वेगळे धुवावे. शेवटीं डोक्यावरून स्नान करावें. हें सर्व फुटलेल्या एखाद्या-दुसऱ्या पत्र्यापुरतें झालें. चुरा मोठा असेल किंवा घरांतच पसरला असेल तर हें काम घरच्या माणसांनीं करूं नये.

छप्परच बदलावयाचें ठरलें तर काम सोपविण्याच्या आधींच अटी स्पष्ट ठरवाव्या. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलिया येथें ह्या कामासंबंधीं कडक कायदे आहेत आणि त्यांतील धोक्याचीं कामें परवाना असलेल्या कंत्राटदारालाच करतां येतात. भारतांत घरगुती कामापुरती अशी पद्धत रुळलेली नाहीं. त्यामुळें काम करणाऱ्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी बरीचशी काम सांगणाऱ्यावर येऊन पडते. अटी मोजक्या आहेत. पत्रे आधीं भिजवावे. ग्राइंडर व ड्रिल आणूं नये. हुकांचे बोल्ट सोडवावे, गंजले असल्यास बोल्टच कापावे, पत्रा कापूं नये. माणसांनीं पत्र्यावर उभें न राहतां फळ्या टाकलेल्या परातीवरून काम करावें. प्रत्येक पत्रा अखंड, दोरानें किंवा हातोहात, खालीं उतरवावा; गच्चीवरून अंगणांत फेंकूं नये. खालीं आल्यावर तो जाड प्लास्टिकमध्यें गुंडाळावा. शेजाऱ्यांना आदल्या दिवशीं कळवावें म्हणजे ते खिडक्या लावून घेतील. मुखपट्ट्या, हातमोजे आणि कामानंतर अंग धुण्याची सोय यांचा खर्च घरमालकानें द्यावा. नव्या छपराच्या किमतीपुढें तो अगदींच किरकोळ असतो.

उतरविलेल्या पत्र्यांचें काय करावयाचें, हा खरा अवघड प्रश्न. भंगारवाल्याला दिले तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी, बहुधा गरिबाच्या, डोक्यावर चढतात. राडारोड्यांत टाकले तर ते फुटतात आणि खड्डे भरण्याच्या निमित्तानें रस्त्यांत पसरतात. कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा बागेच्या कडेला ते लावणें म्हणजे प्रश्न पुढच्या पिढीच्या हातीं सोंपविणें होय. धोकादायक कचऱ्यासंबंधींच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांच्या यादींत टाकून दिलेल्या ॲस्बेस्टॉसचा उल्लेख आहे, आणि असा कचरा शास्त्रीय रीतीनें पुरण्याची व्यवस्था महाराष्ट्रांत तळोजें, रांजणगांव, बुटीबोरी अशा ठिकाणीं आहे. एकट्या-दुकट्या गृहस्थाला तेथपर्यंत पोंचणें कठीण. परंतु गृहनिर्माण संस्थेनें किंवा आळींतील पांच-दहा घरांनीं मिळून महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाला आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी विचारणा केली, तर तिला वजन येतें. जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीचे करार करतांना तर हा मुद्दा संस्थेच्या सभेंत आवर्जून मांडला पाहिजे. नव्या सदनिकेचे चौरस फूट मोजतांना जुनें छप्पर कोण, कसें आणि कोठें नेणार, हें एक कलम लिहून घ्यावयास फार श्रम पडत नाहींत.

ज्यांचे मुलगे-मुली परदेशीं राहतात त्यांनींहि एक गोष्ट त्यांच्या कानांवर घालावी. ब्रिटनमध्यें २००० सालापूर्वीं बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या कोणत्याहि घरांत, आणि ऑस्ट्रेलियांत १९९० पूर्वींच्या घरांत, छताच्या खरबरीत लेपांत, जमिनीच्या फरश्यांत, भिंतींच्या तक्त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे. सुटीच्या दिवशीं हौसेनें भिंत फोडण्यापूर्वीं तेथें तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याची सोय सहज उपलब्ध असते. तिचा लाभ घ्यावा.

शेवटीं, हें वाचून किंवा ऐकून ज्यांना आठवेल कीं मागच्याच वर्षीं घरीं असा पत्रा कापला गेला, त्यांनीं घाबरून जाऊं नये. रोगाचा धोका हा किती तंतू, किती वेळां आणि किती वर्षें छातींत गेले यावर अवलंबून असतो. एखाद्या दिवसाच्या धुळीनें तो फार थोडा वाढतो. लगेच छातीचें क्ष-किरण चित्र काढून त्यांत कांहीं दिसावयाचें नाहीं. ज्यांनीं वर्षानुवर्षें हें काम केलें आहे त्यांनीं मात्र छातीची कोणतीहि तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जातांना आपला धंदा आवर्जून सांगावा, आणि विडी-सिगारेट ओढीत असल्यास ती सोडावी. तेवढ्या एका गोष्टीनें त्यांच्या वांट्याला येणारा धोका पुष्कळ कमी होतो.

आणि गच्चीवरचा तो मिस्त्री? काकूंनीं त्याच्याशीं वाद घातला नाहीं. त्यांनीं ग्राइंडरची वायर भिंतींतून काढली, बादलीभर पाणी वर आणलें, आणि म्हणाल्या, “मिस्त्री, तुम्हांला कांहीं झालें नाहीं हें चांगलेंच झालें. पण तुमच्या मुलाला अजून पन्नास वर्षें काढायचीं आहेत. बोल्ट सोडवून अख्खा पत्रा उतरवूं या. दोन दिवस जास्त लागले तर दोन दिवसांची मजुरी जास्त घ्या.” मिस्त्रीनें एकवार मुलाकडे पाहिलें आणि पान्हा मागितला. चाळीस वर्षांनंतर त्या मुलाला कांहीं झालें नाहीं, तर त्याचें कारण कोणालाच आठवणार नाहीं. टळलेल्या संकटाला साक्षीदार नसतो. तरीहि तें टाळावयाचें असतें.